केसभर ढळलेला गुण्या

मी गुण्या बोलतोय. सुतार काटकोन पाहायला वापरतो तो. शिसवी दस्ता, त्यात सहा इंचांची पोलादी पट्टी आणि पितळेचे तीन खिळे. दिंद्रुडला रस्त्यालगत रहमतुल्ला उस्तादांचं कपाटांचं दुकान आहे, तिथल्या भिंतीवर मी असतो. उस्तादांच्या अब्बांनी मला घडवलं.

दोन वर्षांपूर्वी अंगद काम शिकायला आला, ऊसतोड नसेल त्या महिन्यांत. शिरूर कासारकडचा ऊसतोड्या, वय चौतीस.

उस्ताद हसले. "या वयात? अबे, हाडं वाळली तुझी."

"वाळलेलं लाकूडच कामाचं आसतंय, उस्ताद."

उस्तादांनी त्याला ठेवून घेतलं.

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्याची सुटका होत नाही. अंगद कारागीर झाला, तर रोहिणीची, त्याच्या बायकोची, फडातून सुटका होणार होती. त्यांची लेक संस्कृती मग वर्षभर एकाच शाळेत बसली असती. हे तो रंधा मारता मारता सांगायचा.

पहिल्या दिवशी उस्तादांनी त्याला शिकवलं, "नवा गुण्या आनला की रेघ मारायची. मग गुण्या उलटा करून तिथंच दुसरी मारायची. दोनीची एकच रेघ दिसली तर गुण्या खरा."

यंदा श्रावणात उस्ताद म्हणाले, "राधाकिशनच्या लेकीच्या लग्नाचं कपाट तू एकट्यानं कर. दसऱ्याआधी. जमलं तर तू कारागीर. न्हाई जमलं, तर तोडीला न्यायला मुकादम हायच."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगद फळ्या आणायला गेला होता. पंखा वळवताना उस्तादांची बाही मला अडकली आणि मी फरशीवर पडलो, पट्टीच्या टोकावर. दस्त्यातली पट्टी केसभर ढळली. उस्तादांनी मला उचललं आणि दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मला बाहीनं पुसून त्यांनी खिळ्याला अडकवलं. उलटून पाहिलं नाही.

अंगदनं बावीस दिवस काम केलं. प्रत्येक फळीवर त्यानं मला टेकवून रेघ मारली आणि प्रत्येक वेळी मी त्याला खोटं सांगितलं. सहा इंचांत केसभर ढळलं की सहा फुटांत बोटभर होतं. दारं बसवली तेव्हा वर फट पडली, खाली लाकूड घासू लागलं. त्यानं दारं काढली, तासली, पुन्हा बसवली. असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला.

"उस्ताद, गुण्या येकदा उलटून बघू का?"

"माझ्या अब्बांचा गुण्या हाय तो. तुझा हात तपास, बे. त्याला कावून नाव ठेवतो?"

अंगदनं मला खिळ्याला लावलं. अगदी हळू लावलं.

राधाकिशन कपाट बघायला आला. "उस्ताद, कपाट केलंय का कोंबड्याचं खुराडं? दार लावलं तरी मांजर आत जातंय!" दुकानातली माणसं हसली. अंगदही हसायला गेला, पण त्याला ते जमलं नाही. संध्याकाळी उस्ताद त्याला म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

दसरा झाला. रोहिणीला घेऊन तो तोडीला गेल्याचं चहावाल्यानं सांगितलं. त्या दुपारी उस्तादांनी मला काढलं, फळीवर रेघ मारली, मला उलटं केलं, पुन्हा मारली. दोन रेघा खाली एकत्र होत्या आणि वर जाता जाता फाकल्या होत्या.  उस्तादांनी रंधा घेतला आणि दोन्ही रेघा साफ केल्या.

नंतर त्यांनी फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, फोनचा आवाज मोठा ठेवलेला असतो, म्हणून पलीकडचं सगळं मलाही ऐकू आलं.

"उस्ताद! तुमचा फोन? रोहिणीला आत्ताच म्हनत व्हतो, उस्तादांनी लई जीव लावून शिकवलं. माजाच हात वाकडा. तुमी वाईट वाटून घेऊ नका."

उस्तादांनी विचारलं, "जेवलास का?"

"न्हाई आजून. गाडी भरायची हाय."

"बरं," उस्ताद म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आता बाजारातून नवा गुण्या आला आहे. तो उलटून तपासलेला आहे. मला कुणी हात लावत नाही. विचारणाऱ्याला उस्ताद "अब्बांची निशाणी" म्हणून सांगतात.

तुमच्यापैकी कुणाला एखाद्या फडात अंगद भेटला, तर माझा एवढा निरोप द्या. उस्ताद तो देणार नाहीत. त्याला सांगा, तुझा हात सरळ होता. ढळलो होतो मी.