लाल बाण

माझं काम चुका काढायचं. कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर शर्ट उलटेपालटे करायचे. टाका सुटलाय, डाग पडलाय, तिथं लाल बाणाचा स्टिकर लावायचा. बाण लागला की तो कपडा आपल्याकडे ठेवत नाहीत, पाठवून देतात. शिलाईच्या मुली मला 'भिंगबाई' म्हणतात. म्हणेनात का मेल्या! माझ्या नजरेतून धागा सुटत नाही.

पोटची पोर तेवढी सुटली.

नवऱ्यानं हात वर केले, तेव्हा चार वर्षांच्या लेकीला ताईकडे ठेवून मी परगावी कामाला गेले. तिला परत आणली तेव्हा ती आठ वर्षांची झाली होती. हसत नाही, खेळत नाही, जेवताना नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसते. "आई, चिडलीस?" दिवसातून दहा वेळा.

"नाही गं बाई, माझं तोंडच तसं आहे!" मी म्हणायचे.

आज शाळेतल्या समुपदेशक बाईंनी बोलावलं. त्यांनी तिला चेहऱ्यांच्या जोड्या दाखवल्या होत्या, एक हसरा, एक रागावलेला. "तिची नजर रागावलेल्यावर जाते आणि तिथंच अडकते. पोर आतून फार उदास आहे हो. आईबापांपासून लांब राहिलेल्या काही मुलांचं असं होतं."

एवढी मी चुका काढणारी, आणि घरातलं मला दुसऱ्यानं सांगावं लागलं!

घरी आले तर लेक आरशासमोर. फ्रॉक वर करून पोट बघतेय, मान वळवून पाठ बघतेय. हातात माझ्या पिशवीतला बाणांचा रोल.

"अगं, काय चाललंय हे?" आवाज चढलाच माझा.

ती दचकली. "माझा बाण शोधतेय."

"कसला बाण?"

"मला मावशीकडे पाठवलंस तेव्हा लावला असशील ना? कुठे होता? सापडला की मी नीट करीन."

बाणाची गोष्ट मीच तिला दर रविवारी फोनवर कौतुकानं सांगायचे. दुसरं काय बोलावं ते कळायचं नाही.

मी तिच्यासमोर फरशीवरच बसले. "तुझ्यात काही खोट नव्हती गं सोन्या. चूक माझी. बाण लावायचाच तर मला लाव."

तिनं विचार केला. मग एक बाण सोडवून माझ्या मनगटावर नीट दाबून चिकटवला. मी हसले. तिचा चेहरा मात्र उतरला.

"मग आता तुला पाठवणार?"

मी तो बाण असा ओरबाडून काढला की मनगटावर लाल वळ उठला.

"आई, चिडलीस?"

"हो," मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. "पण माझ्यावर."