एसीत भरलेला शेगडीचा गॅस

नात स्वानंदी आमच्या घरात जन्मली ते २०२२ साल. पुढच्या वर्षी मे महिन्यात तिचं जावळ काढायला नागपूरला तिच्या मामाकडे जायचं ठरलं, आणि नेमका तेव्हाच गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला.

आमच्या यांनी, चिंतामणींनी, तेहतीस वर्षं तोफांच्या फॅक्टरीत फिटरचं काम केलं. तरी गाडी घमापुरात बळीराम मिस्त्रीला दाखवली. त्यानं हवेचा फिल्टर काढून झटकला, समोरची कंडेन्सरची जाळी धुतली, पट्टा पाहिला. मग म्हणाला, "बाबूजी, गॅस उडून गेला. कुठून गळते ते शोधावं लागेल. डॅशबोर्ड खोलावा लागेल. दोन दिवस द्या."

"दोन दिवस काहून? उद्या निघायचं आहे."

"तो फिर खिडक्या उघडून जा, बाबूजी."

यांना ते लागलं. घरी येऊन म्हणाले, "तोफांचे पार्ट जोडले मी, अन् हा मला शिकवून राहिला!" संध्याकाळी शेजारच्या बंडूला हाताशी घेऊन यांनी घरच्या सिलिंडरचा गॅस एसीत भरला.

मी म्हटलं, "अहो, हा तर शेगडीचा आहे."

बंडू हसला. "काकू, थंडा करते ना? बस. त्यावर भाजी थोडीच शिजवायची आहे!"

एसी खरंच गार झाला. सगळ्यांनी हात धरून पाहिले. मीही पाहिला.

सकाळी मुलगा सुशांत राहिलेलं सामान आणायला वर गेला. सून चिन्मयी स्वानंदीला मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली होती. काचा बंद, एसी नुकताच लावलेला. गाडीला ओवाळायला मी निरांजन घेऊन आले. हे नारळ घेऊन माझ्या बाजूला उभे. कुंकू लावून घ्यायला चिन्मयीनं काच खाली केली आणि आतून वास आला. शेगडीचं बटण उघडं राहिलं की येतो, तोच.

ज्योत काचेपासून हातभर दूर होती. माझा हात हलेना. आमच्यात दिव्यावर फुंकर घालत नाहीत. मी घातली.

"अगं, अपशकुन काहून करून राहिली?" हे ओरडले.

मी म्हटलं, "गॅस... चिन्मयी, उतर. पोरीला घेऊन उतर!"

ती अनवाणीच गल्लीच्या पलीकडे पळाली. आम्ही तिच्यामागे भिंतीला लागून उभे राहिलो. समोर गाडी चालूच होती, पंख्याचा आवाज येत होता. निरांजनातलं गरम तूप माझ्या मनगटावर सांडलं ते मला नंतर कळलं.

"कोणी जवळ जाऊ नका," मी म्हटलं. "बळीरामला फोन लावा."

"अन् गाडी अशीच चालू सोडू? गल्लीतून माणसं येऊन जाऊन राहिली."

मी यांची बाही धरली. यांनी ती सोडवून घेतली. दार उघडलं, आत वाकले आणि एसीचं बटण बंद केलं.

भक् असा आवाज झाला. फार मोठा नव्हता.

बळीराम दवाखान्यात आला. डॅशबोर्डमागची एसीची कॉइल गळत होती, भरलेला गॅस रात्रभर तिथेच जमला आणि एसी लावताच गाडीत आला, असं त्यानं सुशांतला सांगितलं. "दीदी, दूर उभं राहायचं होतं फक्त. बटणाला हात लावायचा नव्हता, त्यातून ठिणगी उडते," मला एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून रडला.

स्वानंदीला आणि चिन्मयीला काही झालं नाही. माझे पती चिंतामणी भाजल्यानंतर सातव्या दिवशी, शुक्रवार, २६ मे २०२३ रोजी सकाळी वारले.