स्टुलावरचं वर्ष

“चढ बरं आता,” म्हणत मुन्नालालनं लाकडी स्टूल अंगणाच्या मधोमध सरकवलं. हेमेंद्रनं हातातला तळलेला उडदाचा बडा ताटलीत परत टाकला. एकोणतीस वर्षांचा बाप्या, कानामागचे केस पिकू लागलेले, आणि दर एकतीस डिसेंबरला शाळेतल्या पोरासारखं स्टुलावर चढून आपलेच पराक्रम सांगायचे! जीव अगदी विटून गेला होता त्याचा.

हे खूळ त्याच्या बापाचंच. पोरगा दहावीत आमगाव तालुक्यात पहिला आला, त्या वर्षअखेरीस मुन्नालालनं भाऊबंद जेवायला बोलावले आणि त्याला स्टुलावर चढवून सगळं वदवून घेतलं. तेव्हापासून नेमच पडला. म्हणायला घरातल्या प्रत्येकानं वर्षभरात काय मिळवलं ते सांगायचं, पण पाळी यायची ती हेमेंद्रचीच. नवं काही नसलं तर जुनं. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तो दोनदा पास झाला होता. मुख्य परीक्षेनं दोन्हीदा घरी पाठवलं. त्या पूर्वपरीक्षेवर बाप अजून टाळ्या घेत होता.

यंदा हेमेंद्रनं फॉर्मच भरला नव्हता. अभ्यासिकेत जातो म्हणून निघायचा आणि आमगावात मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात दिवसभर तांब्याची तार गुंडाळत बसायचा. त्या कामात जीव रमला होता. घरी सांगायची मात्र छाती होत नव्हती. तो स्टुलावर चढला. आता पुन्हा तीच टेप वाजवायची, की चारचौघांत बापाला खाली मान घालायला लावायची?

“बोल ना गा, काऊन थांबला?” दुलीचंदकाका म्हणाले. “मागच्या साली सांगतलं तेच सांग. आमाले पाठ आहे, पन आयकतो.”

सगळे खो खो हसले. ते हसणं हेमेंद्रच्या डोक्यात गेलं.

“यंदा मी फॉर्म भरलो नाही,” तो म्हणाला. “पुढंही भरनार नाही. मोटारी बांधाले शिकून राहिलो मी. बस, झालं.”

हेमेंद्र खाली उतरला. बापाच्या तोंडाकडं बघायचं त्यानं टाळलं. बघतो तो काय, पायजमा सावरत मुन्नालाल स्वतःच स्टुलावर चढत होता.

“अजी, पडसान!” चुलीजवळून सुखवंता, हेमेंद्रची आई, ओरडली.

“पडू दे. आज माही बारी आहे.”

दुलीचंदचा खांदा धरून तो उभा राहिला. आता इथून भाषण सुटणार, हेमेंद्रनं कपाळाला हात लावला.

“फॉर्मची तारीख गेली, मले मालूम होतं,” मुन्नालाल म्हणाला. “पेपरात वाचलो होतो. रोज सकारी हा निघे, तं पुसाव वाटे. पार जिभेवर येऊन राहे. पन नाही पुसलो. सालभर तोंड दाबून बसलो, बाप्पा. काही लहान गोष्ट नाही हे.”

सांगून झालं तरी तो उतरेना. मान ताठ करून एकेकाकडं पाहत राहिला. बाप कशाची वाट बघतोय ते हेमेंद्रला जरा उशिरानंच उमगलं. त्यानं बड्याचं तेल पँटला पुसलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.