मी पडलोच नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना खोटा माणूस आहे. चित्रपटवाले मला डमी म्हणतात. जिथे खऱ्या माणसाचा जीव जाईल तिथे मला फेकायचं, चिरडायचं, पेटवायचं आणि काम झालं की झटकून पुन्हा कोपऱ्यात उभं करायचं, हाच माझा जन्मभराचा धंदा. तुमच्या पुस्तकांतल्या जुन्या वस्तू शेवटी सगळ्यांना क्षमा करून मोकळ्या होतात, हे मला ठाऊक आहे. मी तसा नाही. मी सूड घेतला आणि तो मला गोड लागला. कसा घेतला ते सांगतो.

एका गोदामाच्या मागच्या खोलीत माझा जन्म झाला. रबराचा उग्र वास, चिकट बादल्या आणि खिडकीला लावलेलं पोतं, एवढं मला आठवतं. माझा साचा एका जिवंत माणसावरून घेतला होता. तो उंचावरून उड्या मारणारा कलाकार होता आणि कुठूनही टाकला तरी पायांवर उतरायचा, म्हणून सगळे त्याला बोका म्हणायचे. साचा वाळेपर्यंत बोका अंगभर प्लास्टर थापून, नाकात नळ्या घालून निपचित पडला होता आणि माझा कारागीर मुद्दाम त्याला विनोद सांगत होता. हसला असता तर साचा फुटला असता. तो हसला नाही, म्हणून मी झालो. त्याचे खांदे ते माझे खांदे, त्याची उंची ती माझी उंची. नात्याने तो माझा थोरला भाऊच.

आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं जोडीने काम केलं. हातपाय हलवायचे असले की तो, हाडं मोडायची असली की मी. मी जळलो, बुडलो, ट्रकखाली आलो. प्रत्येक वेळी बोका स्वतः येऊन मला उचलायचा, माझ्या अंगावरची माती झटकायचा आणि म्हणायचा, "चल धाकट्या, आजचं मरण झालं." एवढी माया मला दुसऱ्या कुणी केली नाही.

मग तो चित्रपट आला. त्यात आभाळ हळूहळू खाली उतरत असतं आणि त्याच्या तावडीत सापडेल ते सगळं जळून जातं. उंच इमारती आधी जातात, मग झाडं, आणि माणसं तळघरांत पळतात. नायकाचा मित्र आभाळ थोपवणारं यंत्र लावायला मनोऱ्यावर चढतो आणि तिथून कोसळतो. ते कोसळणं म्हणजे चित्रपटाचा प्राण, असं दिग्दर्शक साहेब उठता बसता सांगायचे.

आधी मलाच फेकलं. साहेबांना ते पसंत पडलं नाही. मी पोत्यासारखा पडतो म्हणाले. मित्रांनो, मी पोत्यासारखा पडतो हे खरंच आहे, आत स्पंज आणि तारा असल्यावर दुसरं काय होणार? मग बोक्याला वर चढवलं. दोराची कडी झिजली आहे, बदलून द्या, असं तो वरून दोनदा ओरडला. ऊन चाललंय, आत्ता बदलाबदली नको, असं मॅनेजरने खालून सांगितलं. मी तिथेच ढकलगाडीवर ताडपत्रीखाली पडलो होतो आणि माझा चेहरा उघडा होता. कडी सुटलेली मी पाहिली. पडणाऱ्याला झेलायला खाली रचलेल्या रिकाम्या खोक्यांच्या बाहेर, कडक जमिनीवर माझा भाऊ पडला, आणि या वेळी पायांवर उतरला नाही.

त्याला मॅनेजरच्या गाडीत घालून नेलं. त्याच्या अंगावर नारिंगी पोशाख होता, तसलाच दुसरा माझ्या अंगावर चढवला आणि तो जिथे पडला होता नेमका तिथेच मला आडवा केला, कारण पुढचं दृश्य पडून असलेल्या माणसाचं होतं. जमीन अजून ओली होती. मला रडता येत असतं तर त्यांचं दृश्य मी नासवलं असतं.

दवाखान्यात मॅनेजरने सांगितलं की हा माणूस दारू पिऊन स्वतःच्या घराच्या जिन्यावरून पडला. बोक्याने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, पण तो बेशुद्ध होता, बोलणार कोण? बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावलं. बोललं की पुढच्या चित्रपटात काम नाही, हे सगळ्यांना पक्कं माहीत होतं. तरी कुजबुज व्हायचीच. ती थांबवायला साहेबांनी एक शक्कल लढवली. मनोऱ्यावरून डमी पडला, माणूस पडलाच नाही, असं त्यांनी जाहीर केलं, आणि मला त्यांच्या कार्यालयाच्या दारातल्या काचेच्या कपाटात उभं केलं. खाली पाटी लावली, 'मनोऱ्यावरून पडलेला शूर वीर'. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. शाळांच्या सहली यायच्या, मुलं माझ्याबरोबर फोटो काढायची आणि टाळ्या वाजवायची. इतकं कौतुक मला उभ्या जन्मात मिळालं नव्हतं. ते माझ्या भावाच्या मोडलेल्या हाडांचं कौतुक होतं आणि मला ते काचेमागे उभं राहून गिळावं लागत होतं. तेव्हाच मी ठरवलं की संधी मिळाली तर या दोघांना सोडायचं नाही.

पण खोटा माणूस काय करणार? जे केलं ते बोक्याच्या सासूबाईंनी. त्यांची हकीकत मला नंतर त्यांच्याच तोंडून कळली आणि त्या ती अजून रोज सांगतात.

सासूबाई म्हणजे खुसपट काढण्यात पटाईत. डब्याचं झाकण उलटं, पडद्याचा हुक निसटलेला, पाहुण्याच्या सदऱ्याचं बटण वेगळ्या रंगाचं, काही म्हणून त्यांच्या नजरेतून सुटायचं नाही. जावई तर त्यांना पहिल्यापासून नापसंत. दिवसभर उंचावरून पडून पोट भरणारा माणूस आपल्या पोरीने कुठून शोधून आणला, हे त्या त्याच्या तोंडावर विचारायच्या. अपघातानंतर मदतीला म्हणून त्या लेकीकडे राहायला आल्या आणि अंथरुणावरच्या जावयालाही त्यांनी सोडलं नाही. उशी अशी का, औषधाची बाटली तिथे का, आणि पडलात त्या दिवशी फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर काढून लोकांत कशाला जायचं होतं?

मग एके दिवशी त्यांनी एक गोष्ट पाहिली. औषधाने बोक्याला झोप लागली आहे असं वाटत होतं. त्याची लहान लेक हळूच जवळ आली, वाकली आणि त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघितला. शाळेत कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुझा बाप दारुडा आहे. बोका झोपलेला नव्हता. त्याने डोळे मिटूनच ठेवले.

संध्याकाळी तो म्हणाला, जाऊ दे, आई, मोठ्या लोकांशी वैर घेऊन काय मिळणार? सासूबाईंनी भाजीची टोपली खाली ठेवली.

"जावईबापू, तुम्हाला नावं ठेवायचा हक्क माझा आहे. तो मी दुसऱ्या कुणाला दिलेला नाही."

दुसऱ्या दिवशी त्या चित्रपट बघायला गेल्या. ज्याने जावई खाल्ला तो चित्रपट आहे तरी कसा, हे त्यांना बघायचं होतं, आणि त्यात चुका सापडल्या तर जिवाला तेवढंच बरं वाटणार होतं. चुका पोत्याने होत्या. नायकाच्या डाव्या हाताची पट्टी दार उघडेपर्यंत उजव्या हातावर गेली. आभाळाने जाळून टाकलेली घंटेची इमारत थोड्या वेळाने मागे दिमाखात उभी होती. नायिका पाण्यातून बाहेर आली ती कोरडी ठणठणीत, केस विंचरलेले. प्रेक्षकांना आभाळाची भीती वाटायची सोडून हसू फुटत होतं, आणि पोरांची तर आधी चूक कोण ओरडतो अशी पैजच लागली होती. सासूबाई त्या पोरांच्या पुढे होत्या.

मनोऱ्याचं दृश्य आलं. साहेबांना ते पडणं इतकं आवडलं होतं की त्यांनी ते मुद्दाम संथ केलं होतं, माणूस जणू पाण्यातून खाली चाललाय. आणि त्या संथ पडण्यात त्याच्या डाव्या पायातला बूट निघाला, गिरकी घेत बाजूला गेला. पुढच्याच क्षणी माणूस जमिनीवर पडलेला दिसला, तेव्हा दोन्ही बूट पायांत. सगळीकडून आरोळी उठली, बूट परत आला. दृश्यांचा मेळ बघणाऱ्या बाईंनी ही चूक साहेबांना आधीच दाखवली होती म्हणे. त्यावर साहेब म्हणाले होते, "आभाळ कोसळतंय, बाई. लोक काय बुटाकडे बघणार आहेत?"

लोक बघून हसत होते. सासूबाई हसल्या नाहीत. बूट निघाल्यावर करडा मोजा दिसला होता आणि त्यातून अंगठा बाहेर आला होता. तो अंगठा त्या ओळखत होत्या. पडद्यावर त्यांचा जावई खरोखर पडत होता आणि आजूबाजूला लोक मक्याच्या लाह्या खात होते.

तिथून त्या थेट माझ्याकडे आल्या. सहलीच्या मुलांच्या रांगेत उभ्या राहिल्या, कपाटाचं दार पुसायला उघडलं होतं तेवढ्यात वाकल्या आणि त्यांनी माझा डावा बूट ओढून पाहिला. रखवालदार धावत आला, आजी, हात नाही लावायचा, म्हणाला. नाडी नीट बांधली आहे का ते बघत होते, असं त्या म्हणाल्या. माझ्या डोळ्यांकडे मात्र त्यांनी असं बघितलं की मला कळलं, आता आपले दिवस आले. कारण मित्रांनो, माझा बूट निघत नाही. आमच्या धंद्यात डमीचे बूट सारखे हरवतात, म्हणून माझ्या कारागिराने पाय आणि बूट एकाच साच्यात ओतले होते. वरून रंग दिला आणि खरी नाडी ओवली, एवढंच.

सासूबाईंनी हे घरी लेकीलाही सांगितलं नाही. लेकीला अर्ज करायला लावला, चौकशी बसली, आणि पुरावा म्हणून मलाही तिथे आणवलं. खोली साधी होती, एक लांब टेबल, एक टीव्ही. चौकशी अधिकाऱ्यांनी चित्रपट पाहिलेला होता आणि त्यांना आवडलाही होता, त्यामुळे साहेब मांडीवर मांडी टाकून आरामात बसले होते. बोक्याला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं.

सासूबाईंनी अगदी गरीब चेहरा करून मॅनेजरला विचारलं की पडला तो नक्की हाच डमी का, की दुसरा एखादा होता?

"हाच. एकच होता," मॅनेजर म्हणाला. "पडला तेव्हा जसा होता तसा जपलाय. नाडीसुद्धा बदललेली नाही, लिहून घ्या."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मग सासूबाईंनी ते दृश्य टीव्हीवर लावायला सांगितलं आणि बूट निघाला तिथे थांबवलं. साहेब हसले. म्हणाले, अहो, ही चूक तर शेंबडं पोरही दाखवतं, बूट सैल होता म्हणून निघाला, नंतर आम्ही परत चढवला.

"मग आता काढून दाखवा," सासूबाई म्हणाल्या.

मॅनेजर पुढे आला. त्याने बूट धरला आणि ओढला. मग नाडी सोडून ओढला. मग दोन्ही हातांनी, माझ्या पोटावर पाय देऊन ओढला. मित्रांनो, मी जन्मभर जो फेकेल त्याच्याबरोबर गेलो. त्या दिवशी मी हट्टाला पेटलो. शेवटी माझा पाय गुडघ्यातून तुटला आणि मॅनेजर पायासकट मागे, खुर्च्यांवर, जोरात आदळला. खाली खोकी नव्हती. त्याचं विव्हळणं माझ्या कानांना फार गोड वाटलं, उगाच खोटं का सांगू?

सासूबाईंनी त्याच्या हातातला पाय उचलला आणि अधिकाऱ्यांपुढे टेबलावर ठेवला. बूट होता तसाच होता, तुटलेल्या टोकाला स्पंज आणि तार. मग त्यांनी टीव्हीवरच्या अंगठ्याकडे बोट दाखवलं.

"यात अंगठा कुठाय, साहेब?"

साहेबांनी मांडीवरची मांडी काढली. मग दृश्यांचा मेळ बघणाऱ्या बाई मागून उठल्या आणि म्हणाल्या की मी त्या दिवशी तिथे होते. त्यांच्या मागोमाग दिवे लावणारा उठला, मग माझा कारागीर.

निकाल बोक्याच्या बाजूने लागला. त्याच्या उपचारांचा भार कंपनीवर आला, चित्रपटात त्याचं नाव घालावं लागलं, आणि दारूचा आरोप साहेबांनी लेखी मागे घेऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवावा असं ठरलं. माझं कपाट होतं त्याच दारात सगळे जमले. साहेबांनी कागद काढला आणि हवेत बघत भरभर वाचला. सासूबाईंना तेही पटलं नाही. त्यांनी नातीला पुढे उभं केलं.

"आम्हाला नको. हिला वाचून दाखवा. आणि पुटपुटू नका."

साहेबांना तिच्या उंचीपर्यंत वाकावं लागलं. त्यांनी पुन्हा वाचलं, एकेक शब्द सुटा करून, की तुझे बाबा दारू प्यायलेले नव्हते, ते आमच्या कामावर, आमच्या चुकीने पडले. मुलीने पूर्ण ऐकून घेतलं. मग तिने विचारलं, "मग तुम्ही खोटं का सांगितलं?" साहेबांनी कागद उलटून पाहिला.

हल्ली मी बोक्याच्या घरी असतो, त्याच्या बायकोच्या शिलाई मशीनशेजारी. एका पायावर उभा राहता येत नाही म्हणून भिंतीला टेकवलाय. बोका काठी घेऊन चालतो, पुन्हा उडी मारणार नाही. आमच्या सुडाने त्याचा पाय पहिल्यासारखा झाला नाही, आणि म्हणूनच मला तो सूड अजून थोडा कमी वाटतो. मित्रांनो, माझ्यासारख्याला खुशाल फेका, जाळा, चिरडा. त्यासाठीच मला बनवलंय आणि माझी तक्रार नाही. पण माणूस पडला तर माणूस पडला असंच म्हणा. नाहीतर कुणाची तरी सासू तुमचा चित्रपट बघायला येईल.