जिन्याखालची डान्स मॅट

मी एक जुनी डान्स मॅट आहे. काळी, जाड, सतरंजीसारखी गुंडाळून ठेवतात तशी. मित्रांनो, मला पायपुसणं समजू नका. तसं समजणारे मला आयुष्यात बरेच भेटले.

माझा जन्म तळोज्याच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी पनवेलजवळच्या गावात, तुळशीरामशेठच्या घरी आले. त्यांची लेक मनस्वी बेंगळुरूहून कंटेम्पररी नाच शिकून आली होती. या नाचात नुसतं उभ्याने ठुमकत नाहीत. पडतात, लोळतात, पडता पडता उठतात. लादीवर असं केलं तर हाडं खिळखिळी होतील, म्हणून खालच्या हॉलमध्ये मला अंथरलं.

शेजारच्या मालूकाकू दारातूनच म्हणाल्या, "ही पोर नाचते का पडते गो?"

मनस्वी हसली. मी मात्र फुगले, कारण तिला झेलणं हे माझं काम होतं. पनवेलच्या नाट्यगृहात तिचा प्रयोग झाला, तेव्हा मीही टेम्पोतून गेले. तिच्या पावलांना मातीची ओढ आहे, असं कुणीतरी पेपरात छापलं. माती कसली डोंबलाची, पायाखाली मी होते! पण खालच्याला टाळ्या कोण वाजवतो?

मग तिच्या भावाची, परेशची हळद आली. आमच्याकडे हळदीला अख्खं गाव नाचतं. पोरांचे गुडघे खरचटू नयेत म्हणून तुळशीरामशेठनी मला खुशाल मांडवात अंथरलं. चपला नाचल्या, बूट नाचले, हळद सांडली आणि मी पिवळीधमक झाले.

लग्न उरकल्यावर मनस्वीच्या आईने, वेणूताईंनी मला पाहिलं आणि त्यांचा जीव कळवळला. हळदीचा डाग तेलाने निघतो हे त्यांना ठाऊक होतं. वाटीभर खोबरेल घेऊन त्यांनी मला चोळचोळ चोळलं, फडक्याने पुसलं. डाग गेला. मी नव्या नवरीसारखी चमकले. पण माझं अंग तेल पीत नाही. ते वरच राहिलं.

संध्याकाळी मनस्वी धावत आली आणि तिने नेहमीच्या भरवशाने अंग टाकलं. मला तिला धरता आलं नाही. गुडघा पिरगळला. ती जी ओरडली ते अजून माझ्या कानात आहे.

"पनवती हाय ही चटई!" वेणूताईंनी सगळ्यांदेखत माझ्यावर खापर फोडलं. मला गुंडाळून नायलॉनच्या दोरीने आवळलं. वेणूताई मिठागरवाल्यांची लेक. मिठाच्या गोणीला मारतात तशी गाठ मारली आणि मला जिन्याखाली, गणपतीच्या मखरामागे उभं केलं. मित्रांनो, आम्हाला आडवं ठेवायचं असतं. उभं ठेवलं की अंग खचतं, कडा वळतात. पण हे सांगू कुणाला? स्वतःच्याच पोटात तोंड खुपसून मी राहिले. दिसत काही नव्हतं, फक्त ऐकू यायचं.

ऑपरेशन झालं. मनस्वी कठडा धरून एकेक पायरी उतरायची, ते मला डोक्यावर कळायचं. गुडघा बरा झाला, तरी आईच्या धाकातून तिची सुटका नव्हती. गाडी चालवू नको, धावू नको, नाच तर नकोच. कोंडलेल्या आम्ही दोघी, आणि कोंडणारीचा जीव दोघींहून घाबरा.

अशात पुण्याच्या एका नृत्यसंस्थेने तिच्याकडे रविवारपर्यंत नाचाचा व्हिडिओ मागितला. मनस्वीने लादीवर करून पाहिलं. पडायची वेळ आली की ती अर्ध्यात थांबायची. शेवटी ती जिन्याखाली आली. कात्री उघडल्याचा आवाज आला, पण आईने बांधलेलं कापायला तिचा हात धजेना. तिने आईला हाक मारली.

"आई, गाठ सोड ना."

"नाय. एकदा बघितलं ता बास झालं."

मनस्वीची पावलं काही मागे फिरली नाहीत. वेणूताई पायरीवर बसल्या आणि एकाएकी रडू लागल्या. "बाय माझे, चटईचा काय दोष नाय. तेल मी लावलं व्हतं."

"माहीत आहे मला."

"तुला कोनी सांगितलं?"

"पडले तेव्हाच खोबरेलाचा वास आला होता, आई."

"मग बोलली का नाय कोनाला?"

"सगळे तुला बोलले असते."

वेणूताईंनी नाक ओढलं. मग दात लावून गाठ सोडवली आणि मायलेकींनी मला साबणाने धुऊन, कोरडं पुसून हॉलमध्ये अंथरलं. पण माझा एक कोपरा सरळ होईना. दाबला की पुन्हा वर. वेणूताई पाटा आणायला उठल्या, थबकल्या आणि साडी सावरून स्वतःच त्या कोपऱ्यावर बसल्या.

"पड आता," त्या म्हणाल्या, "आमी हाय हितं."

मनस्वी पडली. मी तिला धरलं.

मित्रांनो, माझा तो कोपरा आता कधीच सपाट होणार नाही. वस्तू असो की माणूस, त्याला जपायचं झालं तर तेल लावण्याआधी विचारा, आणि दोरी आवळण्याआधी तर नक्कीच विचारा.