फोटोत नसलेली मुलगी

वर्गशिक्षिकेने फोन करून सांगितलं होतं, उद्या मनीला घरीच ठेवा, हल्ली दमलेली दिसते. आईला बरंच वाटलं. मनी स्वमग्न होती. गलका झाला की कान झाकून टेबलाखाली शिरायची. शाळेला तिची काळजी वाटते म्हणजे नशीबच, असं ती नवऱ्याला म्हणालीसुद्धा.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या व्हरांड्यात वर्गाचा फोटो लागला, मनी घरी होती त्याच दिवशी काढलेला. पाय प्लास्टरमध्ये असलेला मुलगाही त्यात खुर्चीवर बसला होता. आईबरोबर निघालेली मनी फोटोपाशी थांबली. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मग म्हणाली, "मी कुठे?"

दिवसदिवस शब्द न काढणारी पोर हे विचारत होती. आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिने शिवणाच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. नवरा म्हणाला, उगाच वाकड्यात शिरू नकोस, तिला तिथेच शिकायचंय. ती चपला घालून निघाली.

मुख्याध्यापिकाबाईंनी पाणी पुढे केलं. त्यांनी गोड आवाजात समजावलं की मनी एका जागी उभी राहत नाही, समोर बघत नाही, फोटोग्राफरलाही घाई होती. तिलाच त्रास नको म्हणून हे केलं.

"त्रास तिला नको होता की तुम्हाला?" आई म्हणाली. "आदल्या दिवशी तिला जागा दाखवायची, काय होणार ते चित्र काढून सांगायचं, रांगेच्या टोकाला उभं करायचं आणि फ्लॅश बंद ठेवायचा. एवढंच होतं. मला विचारलं का कुणी?"

कोपऱ्यातली वर्गशिक्षिका हळूच म्हणाली, "अशा मुलांना कसं शिकवायचं, हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही हो."

"मलाही नव्हतं शिकवलं. मी शिकले."

फोटो पुन्हा काढायचं ठरलं. नाइलाजाने, कारण आई खुर्चीतून उठेचना. आदल्या दिवशी वर्गशिक्षिकेने मनीला मैदानात नेऊन टोकाची जागा दाखवली. फोटोच्या वेळी मनी तिथे कान झाकून उभी राहिली आणि नळाकडे बघत राहिली. फोटोग्राफर म्हणाला, आणखी एक काढू, ही समोर बघत नाहीये. आई म्हणाली, ती अशीच दिसते. हाच लावा.

त्यानंतर वर्गशिक्षिका रोज फळ्याच्या कडेला दिवसभराच्या तासांची चित्रं काढू लागली. मनीचं टेबलाखाली जाणं कमी झालं. इतर मुलंही आल्या आल्या ती चित्रं बघायची. माफी मात्र कुणी मागितली नाही.

मुख्याध्यापिकाबाई फाटकात भेटल्या तेव्हा हसून म्हणाल्या, "झालं ना तुमच्या मनासारखं?"

आई हसली नाही. "सहल कधी आहे?" तिने विचारलं. "कुठे नेणार, बस कुठे थांबणार, सगळं मला आधी कळलं पाहिजे. मनी येणार आहे."