अस्वलाच्या कुंपणापाशी आई

मार्गशीर्षातल्या पहाटेचा गारठा अजून अंगावरून उतरलेला नसे, आणि विहिरीवर मोटेच्या चाकाची करकर सुरू होई. त्या करकरीच्या वर, उन्हाच्याही आधी उगवलेला, आईचा आवाज असे. बैलांना धावेच्या उतारावरून नेताना ती जी हाक घाली, तिच्यात आर्जव नव्हतं, दटावणी नव्हती. होता तो निखळ हक्क. विधवा बाईनं मोट हाकावी हे आमच्या माळ्यांच्या वस्तीत कुणालाच रुचत नसे. रस्त्यानं जाणारी माणसं मान वळवून पाहत, आणि आई एकदाही त्यांच्याकडे पाहत नसे. धुक्यातून वर येणाऱ्या सूर्याचं ऊन प्रथम तिच्या कुंकवाविना मोकळ्या, रुंद कपाळावर पडे आणि मग मेथीच्या वाफ्यांवर. मला वाटे, उजेडसुद्धा तिला विचारूनच मळ्यात येतो.

माझे वडील गेले तेव्हा मी रांगत होते. चुलत्यांच्या घरी आईचा निभाव लागला नाही, आणि मला कडेवर घेऊन ती कारंज्याजवळच्या या मळ्यात, आपल्या थोरल्या भावाकडे आली. मामा दुष्ट नव्हते, हे मी आजही मान्य करते. पण भल्या माणसांनी भल्या हेतूनं केलेल्या गोष्टींची मला आयुष्यभर धास्ती वाटत आली आहे.

आमच्यात विधवेला पुन्हा संसार मांडायची मुभा होती. पाट लावणं म्हणत त्याला. मुभा म्हटली की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. तिच्या पोटातल्या अटी कुणी विचारत नाही. विधवा दाखवायची ती घरात नव्हे, कारण सवाष्णींच्या उंबऱ्यात ते अशुभ. बाजारात, जत्रेत, कुठल्यातरी परक्या जागी ओझरती दाखवायची. आणि पहिल्या घरचं मूल तिच्याबरोबर नव्या घरी जायचं नाही, ते बापाच्या भावकीकडे परत धाडायचं. म्हणजे आईला घर मिळालं की मला आई उरणार नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचे ते दिवस. कारंज्याला तेव्हा एक लहानशी जनावरांची बाग होती. कापसाच्या दर गाडीमागे बाजूला काढलेल्या धर्मादायाच्या पैशांतून गावानं ती हौसेनं उभी केली होती. व्यापारी बहुतेक जैन, त्यांच्या धर्मादायातून कुणाला मांस घालणं शक्यच नव्हतं. म्हणून बागेत वाघ नव्हता, बिबट नव्हता. चितळं होती, मोर होते, सशांची खोपटी होती, आणि या साऱ्या सात्त्विक दरबाराचा राजा म्हणजे भाकर-गुळावर पोसलेलं एक अस्वल. वाघ नाही म्हणून कुरकुरत का होईना, खेड्यापाड्यांतली माणसं पोराबाळांसह तिथं येत.

एका दुपारी मामांनी रेंगीला, आमच्या हलक्या बैलगाडीला, बैल जुंपले आणि म्हणाले, "चला, जनावरं पाहून येऊ." मामीनं पेटीतलं स्वतःचं चांगलं लुगडं काढून आईला नेसायला दिलं. तिथंच शंका यायला हवी होती. पण आई त्या दिवशी भोळी झाली होती. कष्टांच्या त्या अखंड रांगेत सुट्टीची एक दुपार अचानक हाती आली होती, आणि सुखाची झडती घ्यायची सवय तिला नव्हती. चितळांसाठी तिनं गाजराच्या पाल्याची टोपली भरून घेतली. माळ्याच्या घरचं माणूस रिकाम्या हातानं कुठं जात नाही, जनावरांच्या घरीही नाही.

बागेतल्या कडुनिंबांखाली ऊन गाळून आल्यासारखं मऊ पडलं होतं. जाळीतून मान काढून एक चितळ आईच्या तळव्यावरचा पाला खाऊ लागलं, त्याच्या ओलसर नाकपुड्या तिच्या बोटांना लागल्या, आणि आई हसली. ते हसू मी फार थोड्या वेळा ऐकलं आहे. त्यात मोट नव्हती, वैधव्य नव्हतं, भावाच्या घरचं अन्न नव्हतं. सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी कुठल्यातरी आतल्या खोलीतून क्षणभर अंगणात आली होती.

मग आम्ही अस्वलापाशी गेलो. राखणदारानं गुळाचा खडा उंच धरला, अस्वल दोन पायांवर उभं राहिलं, लोकांनी टाळ्या पिटल्या. शेजारी तांबड्या पागोट्याचा एक माणूस उभा होता, त्याच्याबरोबर त्याची बहीण. मंगरूळपीरकडचा, पेरूच्या बागेचा धनी, बायको वारलेली, हे सगळं मला मागाहून कळलं. त्या बहिणीनं आईला पायांपासून केसांपर्यंत न्याहाळलं आणि भाजी निवडावी तितक्या सहज म्हणाली, "हाडापेरानं बरी दिसते. बाई, जराशी चालून दाखव."

आईनं मामांकडे पाहिलं. मामा अस्वलाकडे असे एकटक पाहत होते, जणू त्यांनी जन्मात केसाळ प्राणी पाहिला नव्हता. चारचौघांत आपली बहीण तोंड उघडणार नाही, हा त्यांचा अंदाज. घरी ती भांडली असती, गर्दीत अब्रूला जपेल. इतकी वर्षं एका मळ्यात राहून त्यांना ती एवढीच कळली होती.

"भाऊ," आई म्हणाली, "गूळ आनला असन तं दाखव. मंग मीबी दोन पायावर उभी राह्यतो."

अस्वलाभोवतीची माणसं आता आमच्याकडे वळली. आई त्या पागोटेवाल्यासमोर जाऊन उभी राहिली, मान वर, पदर खांद्यावर. "तुमी मले पाहून राह्यले ना? पाहा. आता तुमी चाला, मी पाहतो." आणि तो बिचारा गोंधळून खरंच दोन पावलं चालला! लोक खो खो हसले. आई हसली नाही.

"माह्या पोरीचं काय?" तिनं विचारलं.

त्यानं बहिणीकडे पाहिलं. बहीण म्हणाली, "तिले तिचा काका नेईन. पाटाच्या बाईसंगं पोर येत नाही. रीत हाय."

"मंग रीतीलेच घेऊन जा घरी," आई म्हणाली. "तिच्याच हातची भाकर खा."

तिनं माझं मनगट पकडलं आणि चालू लागली. मामा मागून ओरडत होते, "यमुने, रेंगीत बस! लोक पाहून राह्यले!"

"पाहू दे. पाह्यालेच आले हायेत ते."

मळ्यापर्यंतची वाट आम्ही पायी तुडवली. दोन्ही अंगांना फुटलेला कापूस संध्याकाळच्या तिरप्या उन्हात पिवळसर झाला होता, धुळीत आमच्या सावल्या लांबत चालल्या होत्या, आणि आईचा श्वास मला पावलागणिक ऐकू येत होता. ती रडत नव्हती. माझं मनगट दुखत होतं, पण मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तिनं पकड सैल केली असती. इतकं सुखाचं दुखणं मला पुन्हा कधी लाभलं नाही.

जातीतल्या माणसांनी नावं ठेवली, आणि आईसाठी पुन्हा कुणी आलं नाही. दुसऱ्या पहाटे मोटेची करकर नेहमीसारखी सुरू झाली; बैलांना घातलेली हाक मात्र त्या दिवशी जरा मोठी होती. तिनं एक संसार नाकारला, तो कदाचित सुखाचाही झाला असता. चाल म्हटल्यावर चालून दाखवणारा माणूस वाईट नसावा. पण ती किंमत माझ्यावतीनं तिनं एकटीनं ठरवली आणि मला कधी ऐकवली नाही. तिच्या वतीनं आता मी ती ऐकवते, आणि जी रीत मूल आईपासून तोडते तिला मी आजही रीत म्हणत नाही.

ती बाग केव्हाच मोडली. मोटही गेली, मळाही वाटण्यांत विखुरला, आणि आई जाऊन बरेच उन्हाळे उलटले. काळ सगळ्यांचे हात सोडवतो, असं जाणती माणसं मला समजावतात. सोडवत असेल. त्या संध्याकाळी माझ्या मनगटाभोवती मिटलेली तिची बोटं त्यानं एकदा उकलून दाखवावीत.